हरण्याचं दावं

हरण्यानं आणि मी एकाच सकाळी घर सोडलं. तो टेम्पोतून गेला, मी एसटीनं. आमचं गाव पैठणच्या अलीकडं. धरणाचं पाणी शहराला नेणारी मोठी पाइपलाइन आमच्या शिवेवरून जाते, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही मात्र टँकरची वाट बघत बसायचो. मोसंबीची वाळलेली बाग माझ्या वडलांनी, आबांनी, स्वतःच्या हातानं तोडली होती. वैरण संपली, म्हणून गोठ्यातला शेवटचा बैल हरण्या, त्यालाही द्यायचं ठरलं.

मायनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पिण्याच्या पाण्यातला भरलेला तांब्या त्याच्या खुरांवर ओतला. मी म्हणालो, "माय, एवढं पाणी?" ती म्हणाली, "जाणाऱ्याचे पाय कोरडे ठिवू नाय." घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणलं होतं. आमच्याकडं जनावर देतात, त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत. मायनं ते सोडवून गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. मग माझी पाळी आली. हातावर दही ठेवायचं, तर घरात दुधाचा थेंब नव्हता. तिनं साखर ठेवली. आबा बाहेर आलेच नाहीत. बाग तोडल्यापासून ते फारसे कुणाशी बोलतच नव्हते.

शहरात मुकुंदवाडीला स्टेशनच्या मागं खोली मिळाली आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या एका कंपनीत काम. पुढं लग्न झालं, रेखा आली. शहर आमच्या डोळ्यांदेखत वाढत होतं; आज ज्वारीचं रान, उद्या तिथं 'रो-हाउस बुकिंग सुरू'चा बोर्ड. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, तेव्हा गल्लीत सण असल्यासारखी धावपळ उडायची. आमच्या शिवेवरून गेलेलं पाणी मी इथं येऊन पीत होतो. ते कधीच गोड लागलं नाही.

मी नेमका कधी खचलो ते सांगता येत नाही. कंपनीत बढती झाली त्याच वर्षी असेल. अंघोळ नको, जेवण नको, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचं. निदान रडू यावं, तर तेही येईना. गावाकडं याला आजार म्हणत नाहीत, आळस म्हणतात. मेव्हण्याला बाहेरची बाधा वाटली. रेखानं कुणाचंच ऐकलं नाही, मला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर गुरुवारी एका गटात बसायला सांगितलं. तिथं चित्रं, गाणी, माती यांतून उपचार करतात म्हणे.

खरं सांगतो, मला लाज वाटली. शिफ्टचा सुपरवायझर मी, आणि सतरंजीवर मांडी घालून कागद रंगवतोय! गट चालवणाऱ्या मृणालताई कधीच काही वदवून घ्यायच्या नाहीत. "नाही बोलायचं तर नका बोलू, हात चालू द्या," एवढंच म्हणायच्या. मी कागदभर काळा रंग फासायचो, त्यालाही त्या नावं ठेवत नसत.

एका गुरुवारी त्यांनी माती दिली. मी काही ठरवलं नव्हतं, पण बोटांनी पोळ्याचा बैल करायला घेतला, लहानपणी माय करायची तसा. वशिंड झालं, शिंगं झाली. हरण्याचं डावं शिंग जरा खाली वळलेलं होतं, तेही तसंच आलं. किती दिवसांनी मला काहीतरी आवडलं होतं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "आता आपापलं काम मोडून माती बादलीत टाकू या. सोडून देण्याचाही सराव हवा." त्यांची ती रीतच होती, आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण मला हरण्याला नेणाऱ्या टेम्पोची फळी वर चढताना दिसली. बैल रुमालात गुंडाळून मी उठलो आणि तडक घरी आलो.

पुन्हा गटात गेलो नाही. गोळ्याही सोडल्या. आपण नसलो तर कुणाचं काय बिघडणार आहे, असं मनात येऊ लागलं. मी न सांगताच रेखाला ते कळलं असावं, कारण ती मला एकट्याला सोडेना. "आवो, मातीच्या बैलासाठी आमाला बी टाकून देता का?" असं एकदा रडत म्हणाली. पोळा आला तशी तिनं पिशवी भरली आणि मला गावाकडं घेऊन गेली.

श्रावण सरत आला तरी शिवारात धूळच होती. आबा ओट्यावर बसले होते, माझ्यासारखेच, भिंतीकडं तोंड करून. ते बघून मी हादरलो. म्हणजे हे दुखणं एकट्या माझं नव्हतं. आम्ही सगळे इतकी वर्षं त्याला आबांचा स्वभाव म्हणत आलो होतो.

रुमाल उघडला, तर एसटीच्या धक्क्यांनी बैलाचे पाय मोडलेले. मी तो तसाच आबांपुढं ठेवला. त्यांनी वाकडं शिंग ओळखलं. बराच वेळ हातात धरून बसले, मग मायला थोडी काळी माती भिजवायला लावली. पाय केले, पण पोटाखाली दुमडलेले.

"बसलेला केला?" मी विचारलं.

"दमलाय त्यो," आबा म्हणाले. "बसू दे थोडा."

मायनं खुंटीवरचं दावं काढून त्या बैलाजवळ ठेवलं, पूजा केली. "जनावर गेलं, पर दावं आपल्यात हाय," ती म्हणाली. "उठंल तवा उठंल."

मी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आबांना शहरात दाखवायचं म्हणतोय. ते अजून हो म्हणालेले नाहीत. पाऊसही झालेला नाही. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला ना बाग आठवते ना ओटा, गोठ्यातली ती एक खुंटी आठवते.

पोळ्याहून परतल्यावर पहिल्याच गुरुवारी मी गटात परत गेलो, बैल केला, आणि वेळ संपल्यावर त्याला मुठीत धरलं. दावं घरी आहे, असं मनाशी म्हणालो आणि मूठ आवळली. तेव्हा कुठं मला रडू आलं.