तुर्की चिलखत आणि लठ्ठ घोडा

कॉव्हेंट्रीच्या एका कार फॅक्टरीत मी अकरा वर्षं दरवाजांचे पत्रे ठोकले. ऐंशीच्या दशकात फॅक्टरीनं मला प्रेमानं रिडंडन्सीचं, म्हणजे कामावरून कमी केल्याचं, पत्र दिलं, आणि मी एका छोट्या म्युझियममध्ये टेक्निशियन म्हणून लागलो.

पहिलंच काम म्हणजे घोड्याचं जुनं तुर्की चिलखत उभं करणं. कड्यांनी गुंफलेल्या पोलादी पट्ट्या आणि तोंडावर चढवायला सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. ते घालायचं होतं म्युझियमच्या लाकडी घोड्याला. हा घोडा शंभर वर्षांपूर्वी कुणा लॉर्डच्या चिलखतासाठी कोरलेला, आणि लॉर्डसारखाच पोसलेला. छातीवर चिलखताच्या दोन्ही बाजू जुळेनात. वीतभर फट.

क्युरेटरसाहेब म्हणाले, "पट्ट्या हरवल्यात. नाहीतर तुर्कांचं माप चुकलंय. तुम्ही चार नव्या करून द्या."

तीन खंडांवर राज्य करणाऱ्यांना घोड्याची छाती मोजता येत नव्हती, ही माहिती मला नवीन होती. मी पट्ट्या निरखल्या. शेवटच्या पट्टीची कड गोल घासलेली, पुढची कडी अडकवायला भोकच नाही.

"सर, चिलखत पूर्ण आहे. घोडा लठ्ठ आहे."

"हा घोडा फार जुना आहे," ते म्हणाले. मी जणू त्यांच्या आजोबांनाच लठ्ठ म्हटलं होतं.

शनिवारी बायकोला घेऊन लहान मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या रायडिंग स्कूलला गेलो. तिथला एक बुटका पोनी मोजायची परवानगी मिळाली.

"अहो, लोक बायकोला सिनेमाला नेतात," म्हणत तिनं सुतळीचं दुसरं टोक धरलं.

पोनीचं माप मी वहीत लिहून आणलेल्या चिलखताच्या मापाशी तंतोतंत जुळलं. सोमवारी मी ती सुतळी चिलखताला लावून दाखवली. साहेबांनी स्वतः सुतळी लावून पाहिली, मग त्या मापाचा प्लायवूडचा घोडा करायला सांगितलं. त्याच्या छातीवर चिलखताचं बक्कल लागलं तेव्हा बोटभरही फट उरली नाही. कधीकाळी माझ्यासारख्याच कुणा पत्रे ठोकणाऱ्यानं माप अगदी नीट घेतलं होतं.

उद्घाटनाच्या भाषणात साहेब म्हणाले, "आमच्या संशोधनातून असं दिसून आलं की तुर्की घोडे लहान असत." मी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात मला नोकरीत कायम केलं. पत्रात कारण दिलं होतं: सूचना निमूटपणे पाळतात.