जालन्यात जॅझ ऐकवताना

जालन्यात जॅझ वाजवायला लागलं, की किस्से गोळा करावे लागत न्हाईत. कपड्यावर धूळ बसावी तसे आपोआप बसतात. झटकायचा बी कंटाळा आलाय आता. मी सॅक्सोफोनवर, माझा दोस्त दत्ता ड्रमवर. लग्नसराईत बँडमध्ये वाजवतो, एरवी लोकांना जॅझ ऐकवत फिरतो. हौस, दुसरं काय!

*

नवीन जालन्यात बियाण्याच्या एका शेठजींनी दुकानावरचा हॉल दिल्ता. जॅझमध्ये एकजण आपल्या मनानं वाजवतो, तव्हा दुसरा थांबतो. दत्ता सुटला, मी सॅक्स खाली घेऊन उभा. शेठजी जवळ आले अन् हळूच म्हणले, "भांडण झालं का? मैं समझाता हूँ उसको!"

*

धावडा गावात एका हळदीत लोक नाचून राह्यले होते. म्हणलं, थोडा जॅझ सरकवू. ठेका जरा तिरपा झाला अन् नवरदेवाचे मामा एक पाय वर धरून उभेच राह्यले! "अरे बाबांनो, दुसरा कव्हा टाकू ते तर सांगा!"

*

घरी प्रॅक्टिस करून राह्यलो होतो. शेजारच्या वहिनी बायकोला म्हणल्या, "भाऊजींना गाणं आठवून न्हाई राह्यलं का गं? कव्हाचे शोधून राह्यलेत. कोणतं ते सांग, मोबाईलवर लावून देते!"

मी सॅक्स पेटीत ठेवला.

*

सगळीकडं लोक अर्ध्यातून उठून जायचे. शेवटी दत्ताच म्हणला, "बस झालं. आता राजूरला कार्यक्रम हाय, तिथं एक माणूस जरी शेवटपर्यंत बसला तर ठीक, न्हाईतर ड्रम विकून टाकतो." मला लई वाईट वाटलं. त्याच्याबिगर मी कोणासंगं वाजवू?

म्हणून राजूरच्या मंडपात मीच आधी समजावलं, "मंडळी, हे कीर्तनासारखंच हाय. आधी चाल धरायची, मंग मनासारखं फिरून यायचं, शेवटी पुन्हा चालीवर."

माना हलल्या. वाजवलं. एक माणूस उठला न्हाई! दत्ताचा चेहरा बघायला पायजे होता.

संपवून नमस्कार केला. कोणी उठंना. म्हणलं, अजून पायजे असंल. दुसरं वाजवलं. कोणी उठंना. तिसरं झालं, माझे ओठ सुजले, दत्ताचे हात भरून आले. सगळे तसेच, मांडी घालून!

शेवटी पुढच्या रांगेतले एक आजोबा हात जोडून म्हणले, "बुवा, आता आरती घ्या. त्याबिगर उठता येत न्हाई ना माणसाला!"

मी दत्ताकडं बघितलं. घाम पुसत तो म्हणला, "ड्रम विकायचं उद्या बघू. आधी आरती घे!"