धोंड्यात दिलेले टायर

ती घटना अजून मनातून हलत नाही, आणि अधिक महिना आला की जास्तच आठवते.

तेव्हा मी मुखेड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. त्या वर्षी अधिक महिना ऐन पावसाळ्यात आला होता. पुलाच्या अलीकडच्या वळणावर एक मोटारसायकल घसरली. चालवणारा तरुण हातापायाला खरचटून वाचला. मागे बसलेली त्याची बायको डोक्यावर आपटली आणि नांदेडला नेताना वाटेतच गेली. शेजारच्या गावात ती अंगणवाडी सेविका होती. नवरा रोज सकाळी तिला तिथे सोडून स्वतःच्या कामाला जाई.

आम्ही रीतसर मयताची नोंद घेतली, घटनास्थळाचा पंचनामा केला आणि गाडी ठाण्यात आणून ठेवली. पावसाळ्यात असे अपघात होतातच. प्रकरण तसेच मिटलेही असते, पण दुसऱ्या दिवशी ठाण्याचा फोन वाजला.

"साहेब, त्यो अपघात न्हाई," पलीकडून दबका आवाज आला. "आदल्या दिशी बाई रडून रडून नवऱ्याला म्हणत व्हती, तेवढं काढून टाका, न्हाईतर जीव जाईल माझा. जरा चौकशी करा." आणि फोन ठेवला गेला.

निनावी फोनांपैकी निम्मे भाऊबंदकीतून येतात, हे मला ठाऊक होते. तरी एका हवालदाराला गल्लीत पाठवले. शेजारणीने तेच शब्द तिला ऐकू आल्याचे सांगितले. हवालदार परत आला तो निष्कर्ष काढूनच. "सर, तेवढं काढून टाका म्हणजे मनातलं काढून टाका. नवरा तिच्यावर संशय घेत असणार."

त्यातच मुलीचे वडील ठाण्यात येऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवलेला माणूस, तळहात खरवडल्यासारखे. तिच्या पाठीवर दुसरे लेकरू नव्हते. रोज येत आणि एकच बोलत, "खुनाचं कलम लावा, साहेब. गाडीला नवेकोरे टायर हाईत. घसरंलच कशी? त्यानं पाडली माझ्या लेकीला."

मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवालही त्यांच्याच बाजूने पडला. ब्रेक व्यवस्थित, टायर नवे, यांत्रिक दोष नाही. गाडीत दोष नसेल तर दोष चालवणाऱ्यात, हे गणित कोणीही मांडेल. मीही मांडले आणि जावयाला चौकशीला बोलावले.

इतकी वर्षे माणसे समोर बसवून एक गोष्ट पक्की झाली आहे. खोटे बोलणारा न विचारलेलेही सांगत सुटतो. हा तसा नव्हता. विचारले तेवढेच सांगत होता. वेग जास्त नव्हता, वळणावर शेळी आडवी आली, ब्रेक दाबला, पुढचे चाक निघून गेले. मग मी विचारले, "तेवढं काढून टाका, असं बायको कशाबद्दल म्हणाली होती?"

त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. "घरातलं हाय ते, साहेब. त्याचा काय संबंध न्हाई."

"संबंध आहे की नाही ते मी ठरवीन."

"मला आत टाका. पर ते इचारू नका."

हवालदाराचे हात शिवशिवत होते. "सर, जरा खाक्या दाखवू का?" मी त्याला चहा सांगायला पाठवले. चहा त्या पोराने नुसता हातात धरून ठेवला. पण आत टाका म्हणणाऱ्याला सोडून देणेही मला पटत नव्हते. त्या दिवशी तो गुन्हेगारच आहे असे मला जवळजवळ वाटू लागले होते.

दुपारी पावसाची जोराची सर आली. अंगणात उभी असलेली ती गाडी एक शिपाई ढकलत पत्र्याखाली आणत होता. ओल्या फरशीवर त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि चाक सरकन आडवे गेले. शिपाई गुडघ्यावर आला, वर गाडी. सगळे हसले. मी मात्र उठून गाडीजवळ गेलो.

टायर नवे होते, अहवालात खोटे काही नव्हते. पण ते बटन टायर होते, उंच उंच गुटक्यांचे, शेतात आणि चिखलात चालायचे. मी स्वतः अर्धी नोकरी मोटारसायकलवर केली आहे, त्यामुळे टायरच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. चिखलात ते गुटके रुततात आणि गाडीला ओढून नेतात. डांबरावर मात्र रुतायला काही नसते. रबराचे तेवढे चार-सहा ठोकळे रस्त्याला टेकतात, आणि डांबर ओले असेल तर पकड राहतच नाही. रोज डांबरी रस्त्याने जाणाऱ्याने पावसाळ्यात मऊ रबराचा, पाणी बाजूला काढणाऱ्या लांब खाचांचा टायर घ्यावा. ही गाडी घरापासून दोनशे पावले चिखलातून आणि पुढे सगळी डांबरावरून जात होती.

मी स्वतः शेजारणीकडे गेलो. "ती काय काढून टाका म्हणत होती?"

"टायर की, दुसरं काय!" बाई म्हणाली. "डांबरीवर लई घसरून राहिली गाडी, जीव मुठीत धरून बसते म्हणायची."

"मग हवालदाराला हे का नाही सांगितलं?"

"त्यांनी इचारलं, काय म्हणली. म्हणली तेवढं सांगितलं. कशाला म्हणली, हे कुटं इचारलं?"

परत येऊन मी त्या पोरासमोर बसलो आणि एकच शब्द उच्चारला, "टायर." तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"सासऱ्यानं, आण्णांनी धोंड्यात दिले, साहेब."

आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, पाय धुतात, वाण देतात. सासऱ्याने त्याला अंगठी विचारली होती, हा नको म्हणाला. मग म्हाताऱ्याने स्वतः नांदेडला जाऊन, दुकानातला एकेक टायर हाताने चाचपून, आपल्या ट्रॅक्टरसारखे दाताळ टायर निवडले. लेक चिखलात पडू नये म्हणून.

"दोन दिसांतच कळालं, डांबरीवर जमत न्हाई," तो सांगत होता. "ती म्हणली काढून टाका. मी म्हणलो, आण्णांनी एवढ्या हौसेनं दिलंय, लगेच काढलं तर काय वाटंल त्यांना? महिना तरी संपू दे." मग त्याने माझे हात धरले. "साहेब, त्यांना सांगू नका. लेक गेली त्यांची. वरून हे कशाला?"

खुनाचा आरोप अंगावर घ्यायला तयार होता तो, पण सासऱ्याला हे कळू द्यायला तयार नव्हता.

न सांगून चालण्यासारखे नव्हते. न सांगता खुनाचे कलम नाकारले असते, तर म्हातारा मरेपर्यंत जावयाला खुनी म्हणत फिरला असता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र्याखाली गाडीजवळ नेले. मला फार बोलावे लागले नाही.

त्यांनी वाकून टायरवर हात ठेवला. "चिखलात तर धरतोय न्हवं हा?"

"धरतो, आण्णा. चिखलात चांगला धरतो. डांबरावर नाही धरत."

बराच वेळ ते एकेका गुटक्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग विचारले, "जावईबापूला ठावं हुतं?"

"होतं. तुम्हाला सांगू नका म्हणून हात धरून विनवत होता."

म्हातारा तिथून ठाण्याच्या आत आला. बाकावर बसलेल्या जावयासमोर खाली बसला आणि धोंड्यात धुतले होते तेच त्याचे पाय दोन्ही हातांनी धरले. जावयाने त्यांना उठवायचा प्रयत्न केला, ते उठेनात, तसा तोही त्यांच्याजवळ फरशीवर बसला. दोघे रडत होते. ठाण्यातला एकही माणूस त्यांच्याकडे बघू शकला नाही, हवालदारसुद्धा.

खुनाचे कलम लागले नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा कायद्याने राहायचा तो राहिला, आणि तारखेला जावयाबरोबर सासराच येऊ लागला.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणूस काय म्हणाला एवढ्यावर थांबू नये, कशाला म्हणाला तेही विचारावे. दुसरी गोष्ट पोलिसापेक्षा सासऱ्याच्या कामाची आहे. आता मलाही जावई आहे, आणि धोंड्याला मीही हौसेने वाण देतो. देताना त्याला बजावून ठेवतो, "नाही आवडलं, नाही जमलं, तर आजच तोंडावर सांगा. महिना संपायची वाट बघू नका."