न बोललेली साक्ष

भूत, चकवा, भानामती... या सदरातल्या हकिकती मी करमणूक म्हणून वाचतो. विश्वास कधीच नव्हता. पण निजामाच्या राजवटीत, बीडच्या अदालतीत, भर दुपारी माझ्या बाबतीत जे घडलं ते कुठं बसवायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होतो. वकील व्हावं की नाही, ठरत नव्हतं. मामा म्हणाले, सुट्टीत एखाद्या वकिलाकडं उमेदवारी कर, मग ठरव. म्हणून बीडला रंगराव वकिलांकडं राहिलो. उमेदवारी म्हणजे बिनपगारी काम — अर्जांच्या नकला करायच्या, पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी पक्षकार गोळा करायचे, वकीलसाहेबांचं पानाचं तबक सांभाळायचं.

खटला गेवराईकडचा, गोदाकाठच्या शेताचा. सुंदराबाई नावाच्या विधवेचं म्हणणं, दिरानं बांधाचा दगड उपटून तिचं रान आपल्यात घेतलं. आम्ही दिराच्या बाजूनं. आमचा साक्षीदार दगडू, दिराचा सालगडी. न्याय देणारे मुन्सिफ उत्तरेकडचे, त्यांना मराठी येत नसे. आणि अदालतीचा दुभाषी त्या दिवशी तापानं पडलेला. माझं उर्दू बरं, म्हणून दोन्ही वकिलांच्या संमतीनं मला शपथ देऊन उभं केलं. छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू!

दगडू म्हणाला, "तितं दगड कदीच नव्हता, साहेब."

मी तर्जुमा केला. पुन्हा त्याचाच आवाज आला, तसाच घोगरा — "दगड हाय. मालकानं सांगितलं म्हणून मीच पुरला, हिरीजवळच्या बाभळीच्या बुडाला." मान खाली घालून मी तेही उर्दूत सांगितलं.

रंगराव माझ्याकडं बघतच राहिले. दगडूला तेवढं उर्दू कळत होतं. "मी ह्ये बोललो न्हाई," तो एवढंच म्हणाला.

मुन्सिफांनी पेशकार कारकुनाला विचारलं, चपराशाला विचारलं, शेवटी सुंदराबाईच्या वकिलालाही. दुसरं वाक्य कुणीच ऐकलं नव्हतं. त्या वकिलाला खोटं बोलणं सोयीचं होतं, तरी तोही नाही म्हणाला. मुन्सिफांना दगडूचा संशय आला, तसा माझाही. जागा तपासणाऱ्या अमिनाला त्यांनी घोड्यावरून थेट शेतात पाठवलं, आणि तो परतेपर्यंत मी बीड सोडायचं नाही अशी ताकीद दिली.

दगड बाभळीच्या बुडाशी निघाला.

सुंदराबाईला रान मिळालं. रंगरावांनी मला समोर बसवून विचारलं, "त्या बाईला कधीपासून सामील आहेस?" मी म्हणालो, तिचं गावसुद्धा पाहिलेलं नाही. "मग बाभूळ कुणी दाखवली?"

उमेदवारी संपली. मामांनीही एकदा आडून आडून विचारलंच. मी स्वतः सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला — दगडू ओठ न हलवता बोलला असेल? त्याच्या आवाजाची नक्कल करून मागून कुणी कुजबुजलं असेल? पण माझ्या मागं भिंत होती.

काही महिन्यांनी दगडू धारूरच्या बाजारात हमाली करताना भेटला. मला पाहून पोतं टाकून मागं सरला.

"तुमी कोन हाव, ते आदी सांगा," तो म्हणाला. "पुरताना मी एकलाच हुतो. मालकालाबी जागा म्हाईत नव्हती. साक्षीच्या वक्ताला माज्या मनात ह्येच चाललं हुतं, ह्येच सबूद. पर त्वांडातून काय निगालं न्हाई. मंग तुमालाच कावून ऐकू आलं?"

मी साधा माणूस आहे, म्हणून सांगितलं. त्याला पटलं नाही. जाताना माझ्याकडं पाठही केली नाही त्यानं, तसाच मागं मागं चालत गर्दीत शिरला.

पुढं मी वकील झालो, बरी वकिली चालली. या गोष्टीचा उलगडा मात्र आजतागायत नाही. दुभाषी आला नाही की सहकारी मला हाक मारायचे. माझं उर्दू कच्चं आहे, असं सांगून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो.