सुशीलामावशींचं घर लांब आहे म्हणे

मित्रमैत्रिणींनो, आज सांगलीत आमच्या चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या घरोघरच्या प्रार्थनासभांची यादी लागली. चर्च झाडणाऱ्या सुशीलामावशींचं घर यंदाही त्यात नव्हतं. त्यांनी सभेसाठी शेजारून सतरंज्यासुद्धा मागून आणल्या होत्या.

त्यांनी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांना विचारलं, "आवं, आमच्याकडं कवा येणार?"

"मावशी, तुमचं घर लय लांब पडतं. म्हाताऱ्यांना चालवत न्हाई."

मी सर्व्हेअर आहे. संध्याकाळी टेप लावून मोजलं. चर्चपासून मावशींचं घर दोनशे दहा मीटर, पंचांचं सहाशे चाळीस.

मावशी म्हणाल्या, "मोजू नगंस बाई. माझ्या हातचा चहा नको असतो त्यांना."

ती यादी कंप्युटरवर मीच टाईप केली होती. मावशींचं नाव नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही तेव्हा विचारलं असतं का?