घडीमास्तरांची किल्ली

हॉटेलांचे टॉवेल धुणाऱ्या लॉन्ड्रीत घडीच्या टेबलाशी उभा असलेला साठीचा माणूस म्हणजे घडीमास्तर. बुद्धी लहानपणीच कुठेतरी रेंगाळली, ती पुढे आलीच नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या आईला सांगितलं होतं. टॉवेलांना मात्र हे कुणी सांगितलं नसावं. मास्तरांच्या हाताखाली ते निमूट चौकोनी होत. काठाला काठ लावायचा आणि वर एक थाप मारायची. थाप बसली की मास्तर म्हणत, "झोपला."

आई गेल्यापासून ते मोठ्या बहिणीकडे, जिन्याशेजारच्या खोलीत राहत. "आत जाऊन वळायचं तर आधी बाहेर यावं लागतं," असं भाऊजी त्या खोलीबद्दल म्हणत. पण खोलीला कुलूप होतं. त्याची किल्ली आणि लॉन्ड्रीतल्या कपाटाची किल्ली, दोन्ही मास्तरांच्या गळ्यात दोरीला असत. चालताना त्या किणकिणत.

हल्ली टॉवेल बंड करू लागले होते. घड्या तिरक्या पडत, डागाळलेला टॉवेल चांगल्यांत जाऊन बसे. लॉन्ड्रीच्या मालकीणबाई एकदा घराच्या दारात येऊन ताईशी हळू आवाजात बोलल्या, "वय झालं हो. अशांना म्हातारपण लवकर गाठतं."

मास्तरांनी ते ऐकलं. त्यांच्याविषयी बोलताना आवाज उतरवायचा, ही घरचीही जुनी रीत होती. का, तर ते घाबरतील. आणि मास्तर जगात सगळ्यात जास्त कशाला घाबरत असतील, तर या कुजबुजीला. लॉन्ड्रीतला त्यांचा जोडीदार शिट्टी, त्यांच्यासारखाच डोक्यानं साधा, दिवसभर शिट्टी वाजवायचा. त्याच्या घरी आधी कुजबुज झाली, मग बॅग भरली गेली, मग 'जरा फिरून येऊ' झालं. शिट्टी अशांना ठेवून घेणाऱ्या संस्थेत गेला तो गेलाच.

म्हणून डोळ्यांपुढे धुकं येतंय, हे मास्तरांनी कुणालाच सांगितलं नाही. उलट दिसण्याचं नाटक सुरू केलं. जिन्याची शेवटची पायरी अंगठ्यानं चाचपत, वर "काय छान ऊन पडलंय!" असं बल्बला म्हणत. एकदा तर भिंतीवरच्या फ्यूजच्या डब्यापुढे उभं राहून त्यांनी मान डोलावली, "फोटो सुंदर आहे." भाऊजी हसले. ताई हसली नाही.

दोन दिवसांनी मास्तरांच्या पलंगावर बॅग आली. आत त्यांचे शर्ट होते, घडी ताईची, म्हणजे बोळाच. मास्तरांनी सगळं उपसून जागच्या जागी ठेवलं. ताईनं पुन्हा भरलं, त्यांनी पुन्हा उपसलं. सकाळी ताई हाक मारायला आली तर दाराला आतून कडी.

"सोन्या, दार उघड. जरा फिरून येऊ."

"शिट्टीपण फिरायलाच गेला होता."

मग भाऊजींनी प्रयत्न केला, "अरे, आइस्क्रीम खाऊ."

"भाऊजी, मी काय लहान आहे?"

ताई जिन्यावर मटकन बसली. मग तिनं, बहुधा पहिल्यांदाच, आवाज न उतरवता सांगितलं, "तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, असं वाटतंय मला. फ्यूजच्या डब्याला फोटो म्हणालास तेव्हाच कळलं. आज तपासतील. ऑपरेशन करायचं ठरलं तर ठेवून घेतील. म्हणून बॅग."

"मग सांगितलं का नाहीस?"

"घाबरशील म्हणून."

"मी केव्हाचा घाबरलोच आहे, ताई."

कडी निघाली. मास्तरांनी सगळे शर्ट नव्यानं घडी करून बॅग स्वतः भरली आणि वर थाप मारली. मग बाहेर येऊन कुलूप लावलं. धुक्यात कुलपाचं भोक सापडेना. ताईनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे तपासले आणि ताईला विचारलं, "यांना अंधुक दिसतं का?"

"डोळे माझे आहेत," मास्तर म्हणाले. "मला विचारा."

डॉक्टरांनी स्टूल त्यांच्याकडे फिरवलं. मोतीबिंदू होता. डोळा बधिर करतील, पण मास्तर जागे असतील, हलायचं नाही. "करायचं का?" डॉक्टरांनी विचारलं. 'आणखी चहा हवा का' यापलीकडे मास्तरांना आयुष्यात कुणी फारसं काही विचारलं नव्हतं. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसली.

"नंतर घरी?"

"घरी."

"करायचं," मास्तर म्हणाले. आवाज मात्र उंदराचा निघाला.

दुसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या खोलीच्या दारात नर्सनं ताईच्या कानाशी लागून म्हटलं, "गळ्यातलं काढून तुमच्याकडे ठेवा."

"मोठ्यानं बोला," मास्तर म्हणाले. किल्ल्या त्यांनी मुठीत घट्ट धरल्या होत्या. शिट्टीची खोली त्याच्यामागे घरच्यांनी भाड्यानं दिली होती. दोरी गळ्यातून निघता निघेना. शेवटी त्यांनी ती स्वतःच काढून ताईच्या हातावर ठेवली.

"खोली उघडायची नाही. मी येऊन उघडीन."

"नाही उघडत."

"तू इथेच आहेस, हे मला दिसणार नाही. वाजवत राहा."

दार मिटलं. आत थंडी होती, डोक्यावर पांढरा उजेड होता. मास्तर लाकडासारखे पडून राहिले. दाराबाहेर किल्ल्या किणकिणत होत्या. नर्स ओरडली, "अहो बाई, हा दवाखाना आहे!"

किणकिण थांबली नाही.