बायोसला लागलेली हळद

भाजे गावात आमच्या घरी खंडेनवमीला एकूण एक हत्यार धुऊन पाटावर मांडतात. आबांचा विळा, कोयता, कुदळ, पहार. शेजारी आईची कढई आणि झारा. शनिवार-रविवारी लेण्यांच्या पायऱ्यांपाशी ती भजी तळते, त्यामुळे कढई हे हत्यार आहे की नाही यावर आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. मी पदवीधर झाले त्या वर्षी या रांगेत माझा कॉम्प्युटर आला.

लोणावळ्याच्या एका हॉटेलाने काउंटरवरची यंत्रं बदलली, तेव्हा बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्या चाचांनी त्यातलं एक माझ्यासाठी मागून घेतलं होतं. नवी डिस्क टाकली, सगळं बसवून दिलं आणि सांगितलं, "पदवी घे, मग पेढे दे." त्याच कॉम्प्युटरवर मी तीन वर्षं अभ्यास केला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं.

"ह्ये बी हत्यारच की," आबा म्हणाले. "घे धुवून."

"आबा, हा धुवायचा नसतो. पुसायचा असतो."

"मंग पूस. पर चांगला पूस."

मी कॉम्प्युटरचा डबा आडवा केला, बाजूचं झाकण काढलं आणि रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडली. एवढी धूळ निघाली की आबांना फार समाधान वाटलं. मग डबा तसाच उघडा पाटावर ठेवून मी केस धुवायला गेले. मोरीत डोक्यावर तांब्या ओतत असताना बाहेरून आईचा आवाज आला.

"ह्याला हळदकुकू कुटं लावू गं?"

"कुठंही लाव! पण एकाच ठिकाणी!"

हे माझंच वाक्य. पुढे जे झालं त्यात ते लक्षात ठेवायला हवं.

त्याच दिवशी बारा वाजता माझी नोकरीची परीक्षा होती. कंपनी बाहेरची, तिला खंडेनवमीचं काय. परीक्षा घरूनच द्यायची होती, पण फोनवर चालणार नाही, कॅमेरा लावलेला कॉम्प्युटरच हवा, आणि सव्वाबारानंतर आत घेणार नाही असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी खूप ठिकाणी अर्ज केले होते. उत्तर एवढ्या एकाच ठिकाणाहून आलेलं. ते पत्र आईने देव्हाऱ्यात ठेवायला मागितलं, पण ते फोनमध्ये होतं. मग तिने फोनच थोडा वेळ देव्हाऱ्यात ठेवला.

साडेदहाला पूजा आटोपली. मी झेंडूची फुलं उचलली, घाईत आत न बघताच झाकण लावलं, डबा टेबलावर नेला आणि नवा ड्रेस घालून बटण दाबलं.

काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. तारीख आणि वेळ लावलेली नाही, पुढे जायचं तर अमुक बटण दाबा. दाबलं. ओळखीचं चिन्ह आलं, गोल फिरायला लागलं, मग सगळा पडदा निळा झाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काळा, चिन्ह, निळा. असं तीनदा झालं. बायोसवर, म्हणजे डबा चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या आतल्या प्रोग्रामवर, मी कॉलेजच्या परीक्षेत टीप लिहिली होती, पाचपैकी चार गुण मिळाले होते. तो प्रत्यक्ष समोर येऊन उभा राहील असं वाटलं नव्हतं.

चाचांना फोन लावला. ते दुकानाला तोरण बांधत स्टुलावर उभे होते.

"चाचा, तारीख विसरलाय आणि चालूच होत नाहीये. बाराला परीक्षा आहे!"

"काल चालत होता?"

"मस्त चालत होता."

"मग मधे काय केलंस?"

"काही नाही. पूजा केली."



"पूजा बाहेरून केली की आतून?"

मी आईकडे बघितलं. आई एकदम कढई पुसायला लागली. ती आधीच चकचकीत होती.

"भिंतीतली पिन काढ," चाचा म्हणाले. "झाकण उघड आणि व्हिडिओ लाव."

आत सगळं स्वच्छ होतं. फक्त एका कोपऱ्यात, खाचेत बसवलेल्या गोल चपट्या सेलवर, हळदीचा गलेलठ्ठ टिळा, त्यावर कुंकू, त्यावर एक अक्षत. चाचांनी स्टुलावरूनच ते पाहिलं आणि असे हसायला लागले की त्यांच्या फोनमध्ये आधी तोरण, मग आभाळ, मग शेजारचे चिक्कीवाले काका दिसले.

"आई, इथंच का लावलंस?"

"मला काय ठावं? रुपया ठेवलेला दिसला. म्हनलं, कलशात ठेवत्यात तसा कुनीतरी देवाचा ठेवलाय. तू म्हनलीस एकाच ठिकानी लाव, तर मंग देवाच्या रुपयालाच लावावी न्हाई का?"

 चाचा डोळे बारीक करून बघत होते. "थांब. त्या सेलवर अक्षरं दिसतायत का?"

अक्षरं नव्हती. हळदीखाली नुसता गुळगुळीत पत्रा होता.

"सेल पालथा बसलाय. आपोआप तर पालथा पडणार नाही. वहिनींना विचार."

आईने कढई खाली ठेवली. "म्या बोट लावलं तर टुनकन उडाला त्यो," ती म्हणाली. "पार पलंगाखाली गेलता. काढला, पदराला पुसला. एका अंगाला अक्षरं होती. अक्षरावर हळद कशी फासायची गं, शाळेची वस्तू ती! म्हनून पालथा ठिवला. तुला सांगनार व्हते, पर तू नवा ड्रेस घालून बसलीस, मंग भ्या वाटलं."

आबा आधी हसले. मग मी. मग आईला हसू आवरेना, आणि चाचा तर बोलायच्या पलीकडे गेले होते. मला परीक्षेच्या भीतीने रडायचं होतं, पण रडू बाहेर यायला वाटच मिळत नव्हती. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"ऐक आता," चाचा शेवटी डोळे पुसत म्हणाले. "वीज गेली तरी तारीख आणि मी आत करून ठेवलेल्या खुणा लक्षात राहाव्यात म्हणून तो सेल असतो. तो निघाला तेव्हा डबा सगळं विसरला आणि कारखान्यातून आला तसा झाला. मोडलंबिडलं काही नाही. कोरड्या फडक्याने पूस, खाच पण पूस, आणि अक्षरं वर करून बसव."

मी सेल पुसला. आईने डोळे मिटून हात जोडले. बसवताना टक असा आवाज झाला. डबा पुन्हा जोडला, चालू करताना चाचांनी सांगितलेलं बटण टकाटका दाबत राहिले आणि बायोसचा करडा पडदा उघडला.

"आधी तारीख."

"आबा, आज तारीख काय?" मी बोटांच्या घाईत ओरडले.

आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर ताठ उभं राहून वाचलं, "आश्विन शुद्ध नवमी."

"तारीख, आबा!"

"मंग ही काय हाय?"

तारीख शेवटी फोनवर बघून घातली. वेळही घातली. मग चाचांनी मला डिस्कच्या पानावर नेलं. तिथे डिस्कशी कसं बोलायचं याचे दोन-तीन पर्याय होते. चाचांनी नवी डिस्क टाकताना एक निवडला होता, डब्याने विसरून दुसराच धरला होता. निळ्या पडद्याचं कारण तेवढंच. मी खूण जागेवर आणली.

"आता जतन कर आणि बाहेर पड. घाबरू नकोस, तुझ्याकडून बिघडेल असं त्यात काही नाही."

काळा पडदा. चिन्ह. गोल फिरलं, फिरलं, आणि माझं नेहमीचं भातखाचरांचं चित्र पडद्यावर उजळलं. मी एवढ्या जोरात ओरडले की पायऱ्यांकडे निघालेले दोन पाहुणे आमच्या दारात थांबले.

"भजी मिळतील का?" एकाने विचारलं.

"परीक्षा हाय!" आई म्हणाली. "हळू बोला!"

ती पाट घेऊन दारात बसली आणि तास संपेपर्यंत तिने तिथून कोंबडीलासुद्धा जाऊ दिलं नाही. अकरा पंचावन्नला मी आत शिरले. परीक्षेच्या पानाने आधी घड्याळ तपासलं, मग कॅमेऱ्यात बघा म्हटलं आणि फोटो काढला. हसू चेहऱ्यावरून अजून उतरलेलं नव्हतं. प्रश्न सोपे नव्हते, पण जेवढी भीती होती तेवढी त्या सकाळीच वापरून संपली होती.

नोकरी लागली. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आलं तेव्हा कळलं की कंपनीने परीक्षेचाच फोटो छापलाय. केस ओले, दात सगळे बाहेर आणि नाकाच्या शेंड्यावर हळद. बदलून घ्या, असं ऑफिसातल्या बाईंनी दोनदा सुचवलं. मी नको म्हटलं. पेढे घेऊन दुकानात गेले तेव्हा ते ओळखपत्र चाचांना दाखवलं, आणि ते पुन्हा स्टुलावर बसून हसले.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर कॉम्प्युटरच्या शेजारी माझा ऑफिसचा लॅपटॉप होता. मी या वेळी केस आदल्या दिवशीच धुतले होते आणि पाटापासून हलले नाही. आईने हळदीत बोट बुडवलं, लॅपटॉप उचलला, उलटा केला, कडेकडेने नीट न्याहाळला आणि माझ्याकडे बघून काळजीने विचारलं,

"ह्याचा रुपया कुटं हाय गं?"